गाडी मिळते का हो भामरागडची?

युरोपला जाऊन आलेला मराठी माणूस तिथल्या आगगाड्यांविषयी बोलू लागला की त्याला थांबवणे कठीण. गाडीवरून घड्याळ लावून घ्यावे इतकी ती वेळेवर येते, तिच्यातून उतरून चार पावले टाकली की डोंगरावर जाणारी पिवळी टपालबस आपली वाट पाहत उभी असते, आणि ती बस चुकलीच तर तासाभरात दुसरी येते, हे सारे तो अशा थाटात सांगतो की त्या व्यवस्थेत त्याचाही थोडा वाटा असावा. मी स्वतः युरोप पाहिलेला नाही. माझा युरोप वाचनालयाच्या कपाटातला. पण ही वर्णने मी आवडीने वाचतो, आणि वाचता वाचता एक तारीख माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. २३ मे १९८२ या दिवशी स्वित्झर्लंडने साऱ्या देशाचे आगगाड्यांचे वेळापत्रक नव्याने बांधले. 'दर तासाला एक गाडी' हे त्याचे ब्रीद. त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, २६ ऑगस्टला जुन्या चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला. एका डोंगराळ मुलखाला वेळापत्रक मिळाले, दुसऱ्या जंगली मुलखाला जिल्हा मिळाला. तेव्हापासून या दोन गोष्टी मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहतो.

वाचक म्हणतील, स्वित्झर्लंड कुठे आणि गडचिरोली कुठे! पण नकाशा काढून पाहावा. चंद्रपूर जिल्ह्याचे क्षेत्रफळ ११,४४३ चौरस किलोमीटर, गडचिरोलीचे १४,४१२. दोहोंची बेरीज २५,८५५. म्हणजे आमचे हे दोन जिल्हे मिळून स्लोव्हेनिया या देशाहून मोठे आणि बेल्जियमहून थोडेसेच लहान. लक्झेंबर्ग नावाचा जो चिमुकला देश आहे तो तर आमच्यात दहा वेळा मावेल. त्या लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून साऱ्या देशात आगगाडी, ट्राम आणि बस फुकट करून टाकली. तेव्हा एखाद्या लहानशा देशात आगगाडीने आणि बसने कसे हिंडावे, याचे वर्णन करायला विमानाचे तिकीट काढलेच पाहिजे असे नाही. मी गेली काही वर्षे सुट्ट्यांमध्ये आमच्याच या 'देशात' तसा हिंडतो आहे. स्वतःची मोटार नाही, भाड्याची जीप नाही. आगगाडी, एसटी आणि जिथे तीही नाही तिथे काळी-पिवळी.

या देशाची वेस म्हणजे बल्लारशा. दिल्लीहून मद्रासकडे जाणाऱ्या बहुतेक मोठ्या गाड्या येथे दम खातात. १९२९ च्या सुमारास बल्लारशा आणि काझीपेठ यांमधला दुवा सांधला गेला आणि उत्तर-दक्षिण हिंदुस्थान या रस्त्याने थेट जोडला गेला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस तेव्हापासूनची. येथल्या फलाटावर अर्धा तास उभे राहावे. तमिळ, मल्याळी, तेलुगू, पंजाबी, भोजपुरी, सारा देश चहाचा कागदी पेला हातात घेऊन आपल्यासमोरून जातो. भिंतींवर वाघ, मोर आणि सागाची झाडे रंगवलेली आहेत. २०१८ साली रेल्वेने स्टेशनांच्या सुशोभनाची स्पर्धा घेतली तेव्हा बल्लारशा आणि चंद्रपूर या जोडीनेच पहिला क्रमांक पटकावला होता.

नवख्या प्रवाशाने एक खबरदारी मात्र घ्यावी. आमच्या मुलखात गावांना दोन-दोन नावे असतात, घरातले एक आणि शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे. स्टेशन बल्लारशा, गाव बल्लारपूर. स्टेशन वडसा, गाव देसाईगंज. जिल्ह्याचे नाव चंद्रपूर, पण म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून चांदाच. आणि त्या चांद्यात स्टेशने दोन! चंद्रपूर नावाचे स्टेशन मध्य रेल्वेचे आणि चांदा फोर्ट नावाचे दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचे. दोघांचा कारभार वेगळा, रूळ वेगळे, गाड्या वेगळ्या. एका गाडीतून उतरून दुसरी पकडायची तर मधे रिक्षा करावी लागते. स्विस माणसाला हे सांगितले तर तो घड्याळ काढून ठेवील.

असे का झाले, याचा विचार केला म्हणजे या मुलखातल्या वाटांचे मर्म कळते. येथे आगगाडी माणसांची ने-आण करायला आलीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रूळ आले ते तिथल्या खाणीतला कोळसा न्यायला. पुढचे रूळ गेले तेही कोळसा, लाकूड आणि धान यांच्या ओढीने. जंगलातला साग आजही येथून लांब लांब जातो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी लाकूड गेले ते याच भागातले. आता सुरजागडच्या डोंगरातले लोहखनिज ट्रकांच्या रांगांनी जाते. लाकडाला, कोळशाला, लोखंडाला वाट केव्हाच मिळाली. माणसाने ती वाट आपल्यापुरती वापरून घेतली, एवढेच.

बेल्जियमचा इतिहास वाचताना मला हा फरक जाणवतो. युरोपच्या मुख्य भूमीवर माणसांना नेणारी वाफेच्या इंजिनाची पहिली आगगाडी त्या देशात १८३५ साली ब्रुसेल्स आणि मेखेलेन या दोन शहरांमध्ये धावली, आणि सरकारने मुळातच ठरवून देशभर जाळे विणले. कोळसा त्यांच्याकडेही होता. पण जाळे विणताना गाव डोळ्यासमोर होते. आमच्याकडे खाण डोळ्यासमोर होती.

असो. चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणारी सवारी गाडी पकडावी. बल्लारशा ते गोंदिया हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. पूर्वी या मार्गावर अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी होती. ती गेली, रुंद रूळ आले, पुढे वीजही आली. पण गाडीचा स्वभाव फारसा बदलला नाही. ती प्रत्येक गावाची विचारपूस करीत जाते. केळझर, मूल मारोडा, राजोली, सिंदेवाही, आलेवाही, तळोधी रोड, नागभीड. चांदा फोर्ट सोडले की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर येते. साग, ऐन, मोह, बांबू. खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला तर पाने हाताला लागतील असे वाटते. गाडीतली सारी मंडळी ओळखीची असल्यासारखी बोलतात. सिंगाड्यांची टोपली, गुळाची भेली, दवाखान्याची फाईल, लग्नाचा रुखवत, प्रत्येकाच्या मांडीवर त्याच्या प्रवासाचे कारण ठेवलेले दिसते.

याच जंगलात, चंद्रपूरजवळच्या जुनोना भागात, नोव्हेंबर २०१८ मध्ये वाघाचे तीन बछडे या मार्गावरच्या गाडीखाली सापडून मेले. ती बातमी वाचल्यापासून येथे गाडी मंद झाली की मला चुळबुळ करावीशी वाटत नाही. ताडोब्याचे जंगल कुंपणाशी संपत नाही. वाघाला नकाशा ठाऊक नसतो. युरोपातली गाडी ताशी किती मैल धावते हे आपण कौतुकाने सांगतो, पण ज्या जंगलात अजून वाघ नांदतो तिथे वेग हा निव्वळ सद्गुण धरता येत नाही. हा हिशेब आपला आपणच मांडायचा आहे, तो कुणा परदेशाकडून उसना मिळणार नाही.

नागभीडहून एक फाटा भिवापूर, उमरेडवरून नागपूरला जात असे. भिवापुरी मिरचीचा वास ज्या डब्यात कायमचा मुरला होता अशी ती छोटी गाडी २०१९ साली रुंद रुळांच्या कामासाठी बंद झाली आणि तिच्यावर हयात घालवलेल्या माणसांना एकदम एसटीच्या रांगेत उभे राहावे लागले. सुधारणा हवीच, पण सुधारणेच्या काळात माणसाने कशाने जायचे, याचे उत्तर आधी तयार ठेवणे हेही सुधारणेतच मोडते.

नागभीडनंतर ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल, आणि पूल ओलांडला की वडसा. हे गडचिरोली जिल्ह्यातले स्टेशन. पहिले म्हणावे की शेवटचे, हे कळत नाही, कारण साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या त्या जिल्ह्यात स्टेशन हे एवढेच! वडशाहून गडचिरोलीपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरचा लोहमार्ग मंजूर होऊन पंधरा वर्षे होत आली. काम मार्गी लागले आहे आणि जिल्ह्याचे ठिकाण एक दिवस रुळांवर येईल या आशेवर माणसे आहेत.

तोवर वडसा ही आमची राजधानी. तीही साधीसुधी नव्हे, नाटकाची! दिवाळी झाली, भाऊबीज उरकली, धानाची कापणी सुरू झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक. नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या या वडशात रांगेने आहेत. रात्री दहाला वाजलेली घंटा पहाटे उजाडेपर्यंत पडदा पडू देत नाही. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबई-पुण्याच्या पुष्कळ लोकांना झाडीपट्टी हा शब्द प्रथम कळला. या दिवसांत पहाटेच्या गाडीत चढावे. अर्धा डबा नाटक पाहून आलेला, डोळे तारवटलेले, आणि कालच्या खलनायकाला मनापासून शिव्या देत असलेला. असा डबा झुरिकच्या गाडीत जोडता येणार नाही.

वडशानंतर रूळ आपला निरोप घेतात आणि लाल डबा आपल्याला हाती धरतो. १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तिचे सर्वांत दूरचे टोक शोधायचे तर ते आमच्याकडेच मिळेल. गडचिरोली विभागाची आगारे तीन : गडचिरोली, अहेरी आणि ब्रह्मपुरी. तेवढ्यांनी सिरोंच्यापासून कोरचीपर्यंतचा मुलूख सांभाळायचा. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरहून दूर आहे. बेल्जियमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला याहून फारसे अधिक अंतर पडत नाही, आणि हा तर एकट्या जिल्ह्याचा आतला प्रवास.

मराठीच्या मास्तराला या प्रवासासारखा दुसरा तास नाही. वडशाच्या थांब्यावर झाडीबोली. "कोठं जाता जी, सर?" यातला तो 'जी' इतका मऊ असतो की उत्तर देताना आपलाही आवाज खाली येतो. धानोऱ्याच्या बाजूला गेलात तर गोंडी आणि छत्तीसगढी कानावर पडते. चामोर्शी आणि मुलचेरा भागात एकाएकी बंगाली ऐकू येते. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना येथे वसवले गेले, त्यांची ही नातवंडे. आलापल्लीच्या पुढे माडिया, आणि सिरोंच्याकडे वळलात तर तेलुगू. स्वित्झर्लंडच्या चार राजभाषांचे आपण केवढे कौतुक करतो! एकदा अहेरीच्या गाडीत माझ्या शेजारी उभा राहून तिकिटे फाडणारा वाहक एका फेरीत पाच भाषांत पैसे मागत होता. मी त्याला म्हटले, "तुम्ही तर भाषापंडित आहात." तो म्हणाला, "पंडित कायचा जी! मोडका पैसा जिच्यात मिळतो ते आपली भाषा." मी भाषाविज्ञानाचे धडे देतो, पण व्यवहारातल्या बहुभाषिकतेची इतकी नेमकी व्याख्या मला पुस्तकात सापडली नव्हती.

हाच वाहक एका फाट्यावर उतरून औषधाची पुडी देऊन आला, पुढच्या फाट्यावर आश्रमशाळेतल्या मुलासाठी बापाने पाठवलेली पिशवी दिली, आणि एका म्हाताऱ्या आजीला "आजी, तुमची गाडी मागून येते, हिच्यात नका चढू" असे तिच्या भाषेत समजावून सांगितले. स्विस टपालबस पत्रे आणि माणसे दोन्ही नेई, म्हणून तिचे नाव तसे पडले. आमच्या बसला ते नाव नाही, काम मात्र तेच.

या मुलखातली सर्वांत महत्त्वाची गाडी कोणती, असे मला कुणी विचारले तर मी मुक्कामी गाडीचे नाव घेईन. संध्याकाळी ती शेवटच्या गावाला जाते. चालक-वाहक तिथेच, शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. शहरातल्या माणसाला तिची किंमत कळणार नाही. रात्री गावात गाडी उभी आहे, याचा अर्थ अपरात्री कुणाला कळा आल्या, कुणाला साप चावला, तर गावात चार चाके आहेत. ज्या गावांत ती जात नाही तिथल्या बातम्या आपण पावसाळ्यात वाचतो : खाटेची कावड करून बाळंतिणीला खांद्यावरून नेले, डोंग्यातून नाला पार केला.

भामरागडला पोचलात म्हणजे हे सारे डोळ्यांसमोर उभे राहते. पामुलगौतमी, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावरचे हे गाव. पर्लकोटेला पूर आला की आजवर पावसाळ्यात त्याचा जगाशी संबंध अनेकदा तुटत आला. म्हणून तर उंच पुलाचे काम हाती घ्यावे लागले. अलीकडेच, तीन किलोमीटरांवर हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमट्यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे येथे राहिले, तेव्हा रस्ताही नव्हता. रोगी दिवसेंदिवस चालत येत. आज बस प्रकल्पाच्या फाट्याशी थांबते. खिडकीतून ते पाटीवरचे नाव वाचताना, माणसे आधी आली आणि रस्ता मागाहून आला, हा क्रम ध्यानात ठेवावा.

रस्ता कुठपर्यंत मागे राहू शकतो, याचा दाखला तर कालपरवाचा आहे. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या रस्त्याचे उद्घाटन झाले आणि अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी आलेली पहिली बस! त्याच वर्षी काटेझरी आणि मरकणार या गावांनाही पहिल्यांदा लाल डबा दिसला. नक्षलवादाच्या छायेत दोन पिढ्या गेल्या, आणि बंदूक, भीती व नुसती हयगय यांत गाव कशामुळे किती मागे राहिले याचा हिशेब इतिहासकार करतील. माझ्यापुरता हिशेब वेगळा आहे.

आमच्या महाविद्यालयात अशाच आतल्या गावची एक मुलगी होती. गावाहून फाट्यापर्यंत दोन तास चालायचे आणि तिथे मिळेल त्या वाहनाची वाट पाहायची, म्हणून ती वसतिगृहात राहिलेली. दिवाळीला गेली की पंधरा दिवस परत येत नसे. तिच्यासारख्या कितीतरी मुली बारावीनंतर दिसेनाशा होतात. हजेरीपटावर नाव असते, पुढे रेघ येते, आणि आम्ही कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे लिहितो. पुष्कळदा ते कारण घरगुती नसते, ते रस्त्यावरचे असते. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्या शाळेच्या मुलींसाठी आल्या, २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. याचा परिणाम आकड्यांनी सांगता येईल तेव्हा येवो, मला तो वर्गातल्या बाकांवर दिसतो. त्या मुलीच्या गावाच्या वाटेवर गाडी सुरू झाली तेव्हा ती मला सांगायला आली. मला वाटले, आता चालणे वाचले म्हणून आनंदली असेल. ती म्हणाली, "सर, आमच्या गावाचं नाव आता गाडीच्या पाटीवर हाय. देवनागरीत." मराठी विषय घेतलेली मुलगी ती! आपले नाव लिहिले जाणे म्हणजे काय, हे तिला मला शिकवावे लागले नाही. तिनेच मला ते शिकवले.

म्हणून वाचकहो, येत्या हिवाळ्यात वाघ पाहायला ताडोब्याला याल तेव्हा एक-दोन दिवस अधिक काढा. जीप परत पाठवा. चांदा फोर्टहून सवारी गाडीने वडशाला जा, रात्रीचे नाटक पाहा, सकाळी गडचिरोलीची बस धरा. चामोर्शीला उतरून मार्कंड्याला जा. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते, आणि तिच्या काठावर शेकडो वर्षे वय असलेली दगडी देवळे आहेत. मग आलापल्लीचे जंगल आणि भामरागडचा संगम. सोबत पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि भरपूर वेळ घ्या. वेळापत्रकाचा कागद घेतलात तरी चालेल, पण बसस्थानकाबाहेरच्या चहावाल्याला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

तिथे एक गोष्ट ऐका. स्वित्झर्लंडातला माणूस स्टेशनावर जाऊन विचारतो, "गाडी किती वाजता आहे?" आमच्या थांब्यावरचा माणूस विचारतो, "गाडी मिळते का हो भामरागडची?" गाडी असणे हे त्याने गृहीत धरलेले नसते, ती मिळाली तर मिळाली. या दोन प्रश्नांमधले अंतर सात हजार किलोमीटरांचे नाही, ते १९८२ पासूनच्या काळाचे आहे, आणि ते कमी होताना मी पाहतो आहे. गर्देवाड्याच्या पोराने फाट्यावर उभे राहून, थोड्या त्रासिक आवाजात का होईना, "किती वाजता येते हो गाडी?" असे विचारलेले मला ऐकायचे आहे. त्या दिवशी आमच्या या लहानशा देशाचे वेळापत्रक खऱ्या अर्थाने सुरू झाले असे मी समजेन.